उसनी साखर

आमच्या घरात साखर कधी संपल्याचं मला आठवत नाही, आणि तरीही साखर मागायला शेजारी जितक्या वेळा मी गेले असेन तितकं आमच्या ओळीतलं दुसरं कुणी गेलं नसेल. हे वाक्य लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं. ते नीट उलगडून सांगायचं तर विश्रांतवाडीतल्या त्या दुपारींमध्ये परत जायला हवं, आणि तिथे एकदा गेले की मी लवकर परतत नाही. मुलगी म्हणते, आई तू चहा गार होईपर्यंत कुठे जातेस? आता तिला काय सांगणार.

पत्र्याच्या छताची आठ घरं एका ओळीत, समोर एकच लांबट अंगण आणि अंगणाच्या टोकाला सगळ्यांचा मिळून एक नळ, अशी ती जागा होती. आमचं घर पाचवं. दोन खोल्या, मधल्या दाराला जुन्या साडीचा पडदा. वाऱ्याने तो पडदा फुगायचा आणि पुन्हा चौकटीला चिकटायचा, आणि दुपारी जमिनीवर पडल्या पडल्या ते बघत राहिलं की झोप आणि जाग यातला फरक कळेनासा व्हायचा. लोहगावची विमानं डोक्यावरून जायची. त्यांच्या आवाजाने मांडणीवरची स्टीलची भांडी एकमेकांशी कुजबुजल्यासारखी किणकिणायची. आईची एक गंमत होती. बोलता बोलता विमान आलं की ती तोंड तसंच अर्धवट उघडं ठेवून थांबायची आणि आवाज विरला की सोडल्या शब्दापासून वाक्य पुढे न्यायची. आम्ही भंडाऱ्याकडचे. बाबांना इथल्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून मी दोन वर्षांची असताना आलो. आईने भंडारा सोडलं, पण चूल सोडली नाही. लाखोळीच्या डाळीचे वडे, अंबाडीची भाजी, रश्शातल्या पाटवड्या. ओळीतल्या बायका म्हणायच्या, तुमच्याकडे फोडणी बसली की आमच्या पोरांना ठसका लागतो. त्यात तक्रार किती आणि कौतुक किती ते सांगता येत नसे.

बाबांचा कारखाना बंद पडला तेव्हा मी आठवीत होते. बंद म्हणजे आधी टाळं, मग फाटकाबाहेर धरण्याचा मंडप, मग नुसतंच टाळं. वर्तमानपत्रात त्या दिवसांत देश खुला होत असल्याच्या बातम्या असायच्या, आणि आमच्याकडे मात्र एकेक गोष्ट बंद होत चालली होती. आधी दूध अर्ध्यावर आलं, मग रविवारचं मटण गेलं. मग बाबांनी ओळीतल्या घरांतून पैसे घ्यायला सुरुवात केली. एकाकडून घेतलेले दुसऱ्याला, दुसऱ्याकडचे वाण्याला. सोमवारी देतो म्हणायचे. बाबा खोटारडे नव्हते. सोमवारी टाळं उघडणार असं त्यांना दर आठवड्याला खरंच वाटायचं. पण ऐकणाऱ्याला तो फरक दिसत नाही. सातव्या घरातल्या मोरेवहिनींनी एकदा नळावर सगळ्यांसमोर विचारलं, "भाऊ, कुठल्या सोमवारी ते तरी सांगा." त्या दिवसापासून बाबा मागच्या बाजूने, नाल्याकडच्या पायवाटेने ये-जा करू लागले. पुढे कारखान्याचा निकाल लागला, नुकसानभरपाई मिळाली, आणि बाबांनी पहिल्या आठवड्यात सगळ्यांचे पैसे फेडले. मोरेवहिनींना तर वर एक साडी दिली. त्यांनी ती घेतली नाही. मग बाबांना कात्रजच्या बाजूला एका गोदामावर पहारेकऱ्याची नोकरी लागली, दोन बस बदलून जायचं. पगार सुरू झाला, कुणाचं काही देणं उरलं नाही, तरी नाल्याकडची पायवाट सुटली नाही. रविवारी सकाळी विहारात वंदनेला गेलो तरी ते शेवटच्या ओळीत बसत आणि सगळ्यांच्या आधी उठत. पूर्वी बाबा हसायला लागले की अंगणात ऐकू जायचं. ते हसणं कधी थांबलं ते मला कळलंसुद्धा नाही, आणि याचं आजही वाईट वाटतं.

आईला मात्र कळलं होतं. एका दुपारी ती तांदूळ निवडत होती, मी शेजारी पालथी पडून अभ्यासाचं सोंग करत होते. सुपातल्या तांदळाशी बोलावं तशी ती म्हणाली, "कर्ज फेडलं म्हणजे कर्ज संपते. लोकाइचा भरोसा त्यानं येत नाही." मग एक विमान गेलं, ती थांबली, आणि पुढे म्हणाली, "तो येते मांगून. मांगाचं आन् येळेवर देऊन टाकाचं. आपण मांगणंच सोडून देलं, तं लोकाइले दिसन कसं?"

दुसऱ्या दिवशी तिने मला पहिल्या घरात वाटीभर साखर आणायला पाठवलं. पहिल्या घरात लिमयेकाकू राहायच्या. नारायण पेठेतलं भाड्याचं घर सुटल्यावर त्या आणि त्यांचे पोस्टात असलेले यजमान इकडे आले होते. जीभ मात्र त्यांनी पेठेतलीच ठेवली होती म्हणा ना. दार उघडून त्या म्हणाल्या, "साखर? आणि चहा? तो घरचा आहे की त्याच्यासाठी पुन्हा येणार?" मी मान खाली घालून वाटी पुढे केली. आईने सांगितलं होतं तसं म्हटलं, चार वाजता परत देते. घरी आणलेली वाटी आईने बशीने झाकून वरच्या फळीवर ठेवली. आमचा साखरेचा डबा भरलेला होता. साडेतीनला तिने मला तीच वाटी परत द्यायला पाठवलं, आणि सोबत एका ताटलीत दोन गरम वडे.

मग ते चालूच राहिलं. वर्ष, दीड वर्ष. आठवड्यातून एकदा साखर, कधी चहापत्ती, कधी रवा, कुणाची शिडी, कुणाचं इडलीपात्र, कुणाची मोठी परात. मीठ कधीच नाही, आणि दिवेलागणीनंतर काहीच नाही. आम्ही तसलं काही मानत नव्हतो, पण समोरचे मानतात तर त्यांच्या जिवाला घोर कशाला, असं आईचं म्हणणं. प्रत्येक वेळी परत द्यायची वेळ आधी सांगायची आणि त्याच्या अर्धा तास आधी दारात उभं राहायचं, हा तिचा नियम. भांडं रिकामं जायचं नाही, हा दुसरा. आणलेल्या वस्तूला हात लावायचा नाही, हा तिसरा. एकदा मी फळीवरच्या साखरेची चिमूट तोंडात टाकली तर तिने माझ्या हातावर अशी चापट मारली की मी रडलेच. "आपली नाही ते," एवढंच म्हणाली. इडलीपात्र आमच्याकडे सहा वेळा आलं असेल आणि आम्ही एकदाही इडली खाल्ली नाही. मला या प्रकाराची विलक्षण लाज वाटायची. वाटी घेऊन अंगणातून जाताना सगळ्या खिडक्या माझ्याकडे बघतायत असं वाटायचं. पण आज ते अंगण डोळ्यांसमोर येतं तेव्हा ती लाज कुठे सापडतच नाही. पायाखालची तापलेली फरशी, वाटीतल्या साखरेवर पडलेलं ऊन आणि सांडू नये म्हणून मी टाकत असलेली सावकाश पावलं, एवढंच दिसतं.

पुढे माझ्या नोकरीची सगळी वर्षं मी परदेशातल्या बँकांसाठी संगणकाचे प्रोग्राम लिहिण्यात घालवली. कुणाला कर्ज द्यावं आणि कुणाला नाही, हे ठरवणारा एक आकडा आमचा प्रोग्राम काढायचा. पहिल्याच आठवड्यात वरिष्ठांनी समजावलं, की ज्याने कधी कर्जच घेतलं नाही त्याचा आकडा निघत नाही, अशा माणसाने आधी थोडं थोडं घ्यावं आणि वेळेवर फेडत जावं, मग त्याची पत तयार होते. हे अमेरिकेत कुणीतरी शोधून काढलं म्हणे. मी वहीत उतरवून घेतलं. हल्ली तर दिवसातून दोनदा कुठलीतरी मुलगी फोन करून मॅडम कर्ज घ्या म्हणून विनवते. मी तिला नको म्हणते आणि उगाचच जेवलीस का म्हणून विचारते.

आईचा हा साखरेचा खटाटोप कशासाठी ते मला बारावीनंतर समजलं. बीएस्सीला प्रवेश मिळाला होता, पण मला वेड लागलं होतं ते संगणकाचं. नारायण पेठेत एका कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर संगणकाचा दोन वर्षांचा कोर्स सुरू झाला होता. मैत्रिणीबरोबर एकदा बघायला गेले. दाराबाहेर चपला काढायच्या होत्या. आत गालिचा, गार हवा, काचेच्या पलीकडे बारा संगणक आणि गाढ शांतता. चपला काढायला लावणारी अशी दुसरी जागा मला फक्त विहारच माहीत होती. काळ्या पडद्यांवर हिरवी अक्षरं उमटत होती. घरी आल्यावर कितीतरी दिवस डोळे मिटले की मी त्या गालिच्यावरून अनवाणी चालत असायचे. फी मात्र बाबांच्या कित्येक महिन्यांच्या पगाराइतकी, आणि पहिला मोठा हप्ता एकदम भरायचा. बँकेत गेलो तर दोन जामीनदार आणा म्हणाले. बाबा तो फॉर्म घडी करून खिशात ठेवत म्हणाले, बघू. जामीन राहा म्हणून ते आता कुणाच्या दारात जाणार नव्हते, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

राहता राहिली भिशी. ओळीतल्या आणि मागच्या गल्लीतल्या अकरा बायकांची भिशी लिमयेकाकूंकडे चालायची. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी सगळ्यांनी ठरलेली रक्कम टाकायची, चिठ्ठी काढायची, नाव निघेल तिने सगळी रक्कम उचलायची. एकदा उचलली की उरलेले महिने मुकाट्याने हप्ता भरत राहायचं. सगळा विश्वासाचा मामला. पूर्वी आई भिशीत होती, पण टाळेबंदीच्या दिवसांत तिचे दोन हप्ते चुकले आणि पुढच्या फेरीत तिला कुणी बोलावलं नाही. नवी फेरी जुलैत सुरू व्हायची होती आणि माझ्या फीची शेवटची तारीख त्याच आठवड्यातली. दीड वर्ष आई या फेरीसाठी साखर मागत होती.

त्या रविवारी पावसाने उघडीप दिली होती. आईने सुती हिरवी साडी नेसली आणि मला सोबत घेतलं. बाबा घरात रेडिओ लावून बसले होते, आम्ही कुठे चाललोय ते त्यांनी विचारलं नाही. लिमयेकाकूंच्या खोलीत सतरंजीवर बायका दाटीवाटीने बसल्या होत्या, मी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिले. आईने आपलं म्हणणं सांगितलं. पुण्याचं आपल्याला नीट बोलता येत नाही असं तिला वाटायचं, म्हणून असल्या वेळी ती पुस्तकातल्यासारखं सावकाश बोले. मला या फेरीत घ्यावे, माझा हप्ता चुकणार नाही. मग मोरेवहिनी म्हणाल्या, "राग मानू नका ताई. पण ज्या घरात वाटीभर साखर मागून आणत्यात, त्या घरातून महिन्याचा हप्ता कुठनं येणार हाय? आमाला काय दिसत न्हाय का?" दोघीतिघींनी माना हलवल्या.

दीड वर्षं आईने वाटीवाटीने जे उभं केलं होतं, त्याचा लोकांनी लावलेला अर्थ हा होता. आईकडे बघायचं धाडस मला होईना. तिला हे कधी सुचलंच नव्हतं. पत मिळवायला निघाली आणि स्वतःला दरिद्री ठरवून बसली. घरात साखर आहे, इडलीपात्राशिवाय आमचं काही अडत नाही, हे आता सांगायचं तरी कोणत्या तोंडाने?

तेव्हा लिमयेकाकू बोलल्या. त्या चिठ्ठ्यांच्या घड्या घालत होत्या, मान वर न करताच म्हणाल्या, "यांच्या घरी साखर आहे. भरपूर आहे."

सगळ्या त्यांच्याकडे बघू लागल्या. काकू सांगू लागल्या, की मुंग्या लागू नयेत म्हणून त्या साखरेच्या डब्यात लवंगा टाकून ठेवतात. वाटी भरताना दोन-तीन लवंगा हटकून जातात. आमच्याकडून वाटी परत आली की त्याच लवंगा, त्याच वाटीत. आधी वाटलं योगायोग असेल. मग एकदा मुद्दाम मोजून पाच टाकल्या. पाच परत आल्या. पुढच्या वेळी सात टाकल्या. सात आल्या. आमच्या भंडाऱ्याकडच्या घरात साखरेत लवंग टाकायची पद्धत नव्हती. आईला वाटे चुकून पडल्या असतील, आणि दुसऱ्याची वस्तू म्हणून ती त्याही जपून परत धाडी.

"साखर यांनी वापरली नाही हो कधी," काकू म्हणाल्या. "नुसती सांभाळली, आणि सांगितल्या वेळेच्या आधी आणून दिली. माझ्या पोटची पोरं माझी वस्तू इतकी सांभाळत नाहीत. तेव्हा पैशांचं या काय करतील याची मला काळजी नाही. डोक्याची थोडी वाटते. माझ्या जबाबदारीवर घ्या यांना."

आधी एक हसली, मग सगळ्या हसल्या. आई हसली नाही. पदराच्या टोकाशी चाळा करत ती जमिनीकडे बघत होती, आणि तिचे कान लालबुंद झाले होते. चोरी पकडली जावी तसा चांगुलपणा पकडला गेल्यावर माणूस किती ओशाळतो ते मी त्या दिवशी पाहिलं. आईचा हप्ता घेतला गेला, बाराव्या चिठ्ठीवर तिचं नाव लिहिलं गेलं. काकूंनी डबा हलवला, कुणाच्या तरी लहान मुलीने चिठ्ठी काढली. नाव निघालं मोरेवहिनींचं.

भिशीत एक रीत होती. नाव निघालं, पण रक्कम अजून उचललेली नाही, एवढ्या वेळात कुणाला नड असेल तर तिने सगळ्यांसमोर मागायचं. जिचं नाव निघालं तिची इच्छा असेल तर ती आपला नंबर देऊ शकते. नंतर गुपचूप मागितलेलं चालत नसे. काकूंनी विचारलं, कुणाला हवाय का? मी आईकडे बघत होते. दीड वर्ष बाकीच्या सातही घरांत बेधडक मागत आलेली माझी आई, जे हवं नव्हतं ते मागायला कधीही न अडखळलेली, आता ओठ घट्ट मिटून बसली होती. मला जोराने ओरडावंसं वाटत होतं की माग ना, आई. काकूंनी नोटांचं पुडकं मोरेवहिनींकडे सरकवलं. मोरेवहिनींनी हात पुढे केला.

"मले पायजे," आई म्हणाली.

पुस्तकातलं बोलणं गळून पडलं होतं. आवाज तिचा, थेट भंडाऱ्याचा. "पोरीच्या फीसाठी पायजे. चार दिवसात भराची आहे."

मोरेवहिनी हात तसाच ठेवून तिच्याकडे बघत राहिल्या. "हे पण साखरेसारखंच मागताय का?" त्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"नाही बाई," आई म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "हे खरंच पायजे."

मोरेवहिनींनी पुडकं उचललं आणि आईच्या मांडीवर ठेवलं. "मग घ्या की," त्या म्हणाल्या. "आमाला फ्रिज घ्यायचा होता. पावसाळ्यात फ्रिज काय करायचाय?" मग माझ्याकडे वळून, जरा दरडावूनच, "नापास झालीस तर बघ." लिमयेकाकूंनी चहा टाकायला उठता उठता, आज तरी कुणी साखर परत करू नका, असं सांगून टाकलं.

घरी येऊन आईने ते पुडकं बाबांसमोर ठेवलं. कुणी दिले, त्यांनी विचारलं. आईने सांगितलं. मोरेवहिनींनी? त्यांनी पुन्हा विचारलं, आणि आई नुसती हो म्हणाली. बाबांनी पैशांना हातही लावला नाही. मग उठले, तोंड धुतलं, खुंटीवरचा इस्त्रीचा शर्ट घातला, केस विंचरले आणि पुढच्या दाराने अंगणात उतरले. सांज व्हायला आली होती, नळावर बायका होत्या. दाराच्या चौकटीतून डोकावून आम्ही बघत होतो. बाबा सातव्या घराशी जाऊन उभे राहिले आणि मोरेभाऊंनी त्यांना आत घेतलं.

पत्र्याच्या घरांच्या भिंती छपरापर्यंत पोचलेल्या नसतात, त्यामुळे आवाज येतो, शब्द कळत नाहीत. आधी बराच वेळ मोरेभाऊच बोलत होते. मग बाबांचा आवाज, खाली दबलेला. कपबशा वाजल्या. मोरेवहिनी काहीतरी म्हणाल्या. आणि मग अचानक बाबा हसले. मोठ्याने, पोट धरून हसावं तसं, पूर्वी अंगणात ऐकू जायचं तसं.

आई पीठ मळत होती. तिचा हात परातीत थांबला. तिने मला खुणेने रेडिओ बंद करायला सांगितलं, आणि आम्ही दोघी भिंतीला पाठ लावून बाबांचं हसणं ऐकत बसलो.